हळू बोललेलं

(डोंगरातली पायवाट. धुकं इतकं दाट, की नवरा-बायको एकमेकांना दिसत नाहीत.)

बायको : अहो, ओ द्या ना! आठवडाभराचा अबोला काय इथेही पाळायचा?

नवरा : आहे मी.

बायको : कुठे?

नवरा : ते कळलं असतं तर आलोच असतो. पायवाट सुटली माझी.

बायको : सुटली? आत्ता तर माझ्या पुढे होतात!

नवरा : कस्तुरानं शीळ घातली. अगदी जवळून, उजवीकडून. तिच्यामागे खाली उतरलो.

बायको : तो कस्तुर नव्हता. माझा फोन होता.

नवरा : काय?

बायको : शीळ भरून घेतली होती फोनवर. म्हटलं, वाजवली तर खरा पक्षी जवळ येईल, तुम्हाला दिसेल. तुमच्या तोंडाचं कुलूप तरी उघडेल.

नवरा : जन्मभर सांगतोय, पक्ष्याला असं फसवायचं नसतं!

बायको : पक्षी कुठे फसला? तुम्ही फसलात.

नवरा : पण तू तर मागे होतीस. शीळ उजवीकडच्या कड्यावर आपटून आली असणार.

बायको : असू दे. आता माझ्या आवाजावर या बघू.

नवरा : थांब. पायाखालचा दगड निसटला.

बायको : मग?

नवरा : खाली पडल्याचा आवाज नाही आला.

बायको : अहो! हलू नका! बसा तिथेच! ऐकताय ना?

नवरा : ऐकतोय. दोन्हीकडून ऐकतोय. तू ओरडलीस की कडाही ओरडतो. तुझ्याकडे यायचं म्हणून त्याच्याकडे जाईन.

बायको : मग करू काय मी?

नवरा : हळू बोल. हळू बोललेलं कड्यापर्यंत पोचायचं नाही.

बायको : काय बोलू?

नवरा : काहीही. फक्त थांबू नकोस.

बायको : काहीही? बरं. मग ऐका. रिटायर झालेला माणूस पक्षी बघायला डोंगरातल्या चौकीवर वर्षभर राहायचं कबूल करतो, आणि बायकोला ते शेजारीण सांगते. मी गॅलरीत चादर पिळत होते. ती विचारते, "वहिनी, तुम्हीही जाणार का हो?" मी म्हटलं, "हो तर!" हसले पण. मग ती चादर अशी पिळली, की फाटली. तेव्हापासून हा अबोला.

नवरा : बोलत राहा. डावीकडे आहेस तू. रांगत येतोय.

बायको : आधी हातानं चाचपा, मगच गुडघा उचला. घाई नको.

नवरा : विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस.

बायको : म्हणाले असते. चार दिवस भांडले असते. पाचव्या दिवशी तुमचे लोकरीचे मोजे शोधायला घेतले असते. झाडामागून पक्षी ओळखता ना? आणि समोर बसलेली बायको ओळखता येत नाही?

नवरा : गवत लागलं हाताला.

बायको : या.

नवरा : थांबलीस का? बोल ना!

बायको : रडतेय.

नवरा : मग रडत बोल.

बायको : एरवी म्हणता, आधी रडणं थांबव, मग बोल.

नवरा : चुकत होतो... हा तुझाच बूट ना?

बायको : माझाच. सोडा तो. नाही, नको, धरून ठेवा.

नवरा : येशील तिकडे? चौकीवर? विचारतोय आता.

बायको : गुडघे फुटल्यावर सुचलं.

नवरा : श्श. पुन्हा शीळ? फोन बंद कर आधी.

बायको : केव्हाच केलाय.

नवरा : मग हा कोण?

बायको : हळू. आधी त्याचं ऐका, मग माझं सांगते.