झडपा उघडायची वेळ

स्पेनमधल्या एसिखा गावातल्या औषधांच्या दुकानात भर उन्हाळ्यातही गारवा असतो. म्हणून निवृत्त पोस्टमास्तर एउसेबियो मागच्या प्रत्येकाला "आधी तुम्ही" म्हणत रांगेतच रेंगाळत होते. पुढे विधवा रेमेडिओस आणि तिची शेजारीण पूरा बोलत होत्या.

"रेमे, दार मोडलं म्हणून रागावलीस का गं?"

"चौघांनी मिळून मोडलंत! मी आपली मुलाने पाठवलेल्या एसीखाली स्वेटर घालून घोरत होते."

"आम्हाला काय ठाऊक? दुपारी सगळ्यांच्याच खिडक्यांच्या झडपा बंद. पण ऊन उतरलं तरी तुझ्या उघडेनात, गल्लीत गप्पांना तुझी खुर्चीही येईना. गल्लीतला पाको म्हणाला, आटोपली म्हातारी."

"आणि तू रडलीस म्हणे."

"घाम होता तो."

"डोळ्यांतून?"

"चव्वेचाळीस अंशांत कुठूनही येतो."

"पूरा, हे गेल्यापासून एकच धास्ती होती बघ. मेले तरी चार दिवस कुणाला कळायचं नाही."

"अगं, अर्ध्या तासात दार खाली होतं!"

"म्हणून तर आज सगळ्यांना माझ्याकडून टोमॅटोचं गार सूप. दार काय, बसेल सावकाश."

"सूप आण, पण झडपा वेळेवर उघडत जा. पाकोचा खांदा अजून ठणकतोय."

"त्याचंच मलम घ्यायला उभी आहे मी."