तम्माच्या घरामागची भेग

धोंडप्पा : साहेब, मग ही भेग न्हाई का? हात घाला. कोपरापातूर आत जातोय.

सोनकांबळे : मामा, तुमचं घर खडकावर आहे, ही घरापुढच्या काळ्या रानातली भेग. पाऊस नाही म्हणून जमीन उललीय. अशा भेगा सगळ्या तालुक्याला पडल्यात. मी डोंगर कुठं घसरेल तेवढंच बघतो.

धोंडप्पा : म्हंजी तम्माची भेग सरकारी, आन् माजी खाजगी!

सोनकांबळे : तुमच्या तम्माच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या, वीरण्णाच्या भेगेची गोष्टच वेगळी. ती त्याच्या घरामागच्या उतारावर आहे. संक्रांतीला तिच्या वर एक आणि खाली एक खुंटी ठोकून गेलो होतो. मधे दोन फूट. अंतर वाढलं, म्हणजे डोंगर निघाला. मग घर धोक्याच्या यादीत, आणि सडकेला नव्या गावठाणात प्लॉट.

धोंडप्पा : नळासकट?

सोनकांबळे : नळ आहे. पाण्याचं खातं दुसरं.

धोंडप्पा : उस्मानाबाद जिल्हा होता तवा डोंगर मोजाया कुत्रंबी आलं न्हाई. लातूर जिल्हा झाला, आन् पयल्या झटक्यात वीरण्णाला प्लॉट!

सोनकांबळे : नव्या जिल्ह्याला वरून दरडींचा तक्ता आलाय. कोरा पाठवला तर आम्ही झोपलोय असं होतं. एक तरी डोंगर लागतो.

कस्तुराबाई : घ्या साहेब, पानी घ्या. गार हाय. जाऊबाईकडचं.

धोंडप्पा : मला नगं. म्या टँकरचं पितो.

कस्तुराबाई : टँकर चार दिस झाले आला न्हाई.

धोंडप्पा : येईल तवा पितो. साहेब, वर महादेवापाशी पाझर तलाव हाय. रोजगार हमीवर दोन उन्हाळे म्या खंदला. तम्मा येक दिस पाटी उचलाया आला न्हाई. तलाव आटला, आन् पानी निघालं कुठं? तम्माच्या न्हानीमागं! माणसं घागरीसाठी भांडत्यात, आन् त्याची बायको अंगणात सडा टाकती. सडा!

सोनकांबळे : घरामागं पाणी? कधीपासून?

कस्तुराबाई : दिवाळीपासून. बोललं तर पानी उपसाया सरकारी मोटार बसंल म्हनून जाऊबाई चूप ऱ्हायली.

सोनकांबळे : वरचा तलाव पोटात घेऊन डोंगर उभा आहे म्हणायचा. आणि मघाशी मोजलं तर खुंट्यांमधे बरोबर दोन फूट. तीन महिन्यांत सूतभर फरक नाही. डोंगर इतका शिस्तीचा नसतो.

धोंडप्पा : म्हंजी यादीतून तम्माचं नाव कटलं?

सोनकांबळे : कटलं. शंका असली तरी तक्त्यात खुंटीचं मापच जातं. आज लातूरला लिहून देतो, घर सुरक्षित.

धोंडप्पा : बरं झालं. म्हंजी… वाईट झालं. त्याच्यासाठी.

कस्तुराबाई : सांगा की आता.

धोंडप्पा : काय सांगू?

कस्तुराबाई : दर सोमवारी महादेवाला जाताना बेलाच्या पिशवीत हातोडी कशाला लागती, ते.



धोंडप्पा : खालची खुंटी सरकायची, साहेब. म्या उपटून परत वर ठोकायची. सुतळीनं मापून. बराबर दोन फूट, इमानदारीनं.

सोनकांबळे : किती सरकायची?

धोंडप्पा : आधी सूतभर. मंग अर्धं बोट. शिवरातीला येक बोट.

सोनकांबळे : आणि काल? काल सोमवार होता.

धोंडप्पा : काल चार बोटं.

सोनकांबळे : आठवड्यात चार बोटं!

धोंडप्पा : पाच म्हना. अंगठा धरला न्हाई.

सोनकांबळे : मामा, इतक्या नेमानं आमच्या खात्यात कुणी मोजत नाही. उठा. वीरण्णा, बायको, पोरं, गुरं, सगळी आत्ताच्या आत्ता बाहेर काढायची. वळवाची एक सर पुरे आहे.

धोंडप्पा : आन् प्लॉट?

सोनकांबळे : मिळेल. कागद व्हायला वर्ष जाईल. तोवर खडकावरचं घर पाहिजे. वस्तीत एकच आहे, तुमचं.

धोंडप्पा : त्याला प्लॉटबी, आन् माज्या घरात जागाबी?

सोनकांबळे : तुमच्या घराला काडीचा धोका नाही, मामा.

धोंडप्पा : तेच तर! माज्या वाट्याला कायबीच येत न्हाई.

कस्तुराबाई : म्या जाऊबाईला हाक मारते.

धोंडप्पा : तू थांब. म्या जातो. कुठं पाय द्यायचा न्हाई, ते मला ठावं हाय. तवर माळवदाखालची खोली झाडून ठेव. आन् तम्माला पाठीत उसन हाय, बाज त्याला टाक.

कस्तुराबाई : ऊन हाय. घोटभर पानी तरी पिऊन जावा.

धोंडप्पा : आन. उद्यापासून त्योबी टँकरचंच पिनार.