आजोबांच्या तोंडाचा वास

यावलच्या एसटीत माझ्या मागच्या बाकावर नर्सिंगला शिकणारी नात आजीला वर्गातलं सांगत होती.

"आजी, फुफ्फुसाला धुरापासून जपणारं एक द्रव्य लिव्हरमध्ये बनतं."

"म्हणजे छातीची राखण पोटातून होते?"

"हो. काहींचं ते जन्मापासून वाकडं बनतं आणि तिथंच अडकतं. मग लिव्हरही जातं, छातीही."

"दारू न पिता?"

"थेंबभरही न पिता. आईबापांकडून उतरतं. म्हणून पप्पांचं रक्त तपासायचंय."

"अन् निघालं तर?"

"धुरापासून लांब राहायचं. काही देशांत ते द्रव्य दान केलेल्या रक्तातून काढून सलाईनने देतात. हजारो लोकांचं रक्त लागतं त्याला."

"ओळख ना पाळख, अन् एका छातीच्या राखणीला हजारो माणसं?"

"हो, आजी."

"तुह्या आजोबांचं लिव्हर गेलं. दमही लागायचा."

"त्यांना हेच असेल कदाचित."

"मी रोज ताट वाढायच्या आधी त्यांचं तोंड हुंगायची."

"कधी दारूचा वास आला?"

"कधीच नाही. मला वाटायचं, माणूस लई हुशार हाये."