बदकिणीचं रक्त

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्टची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर सासू-सून होत्या. सुनेच्या हाताला नुकताच कापूस लावला होता.

“तीन बाटल्या घेतल्या गं. तू तुझ्या संशोधनात त्या रानबदकांचं किती घेतेस?”

“अगदी थोडं, आई. पंखाखालच्या शिरेतून.”

“उपाशीपोटी?”

“त्यांना कोण सांगणार, सकाळपासून काही खाऊ नका म्हणून?”

“आणि त्यातून कळतं काय?”

“अंडी होणार असली की मादीच्या रक्तात चरबी वाढते. बलकाचा सगळा माल रक्तातूनच जातो ना. घरटं दिसायच्या आधी आम्हाला कळतं.”

“आणि नाही वाढली तर?”

“तर वहीत लिहायचं, ‘यंदा नाही’. आणि तिला सोडून द्यायचं.”

“एवढंच? दोष कुणाचा, ते नाही लिहीत?”

“त्याला रकानाच नाही.”

“नराचं घेता का रक्त?”

“घेतो की. गपचूप देतो बिचारा.”

“आमच्याकडच्याला सुईचं नाव काढलं की मीटिंग असते.”

तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला.

“बोला वन्सं. हो, लॅबमध्येच आहोत. रिपोर्ट यायचाय अजून. तो काही का येईना, कुणी विचारलं तर सांगा, यंदा नाही. नाही, दोषाला रकाना नाही. ते बदकांचं आहे, तुम्हाला नाही कळायचं. आणि हो, उद्या तुमच्या भाच्याला घेऊन येतेय इथे. उपाशीपोटी.”