हातमोजे काढून बोला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हेरॉन्स फुटबॉल संघाच्या चाहता मंडळाचे सर्वेसर्वा श्री. नॉर्बर्ट हास्क, व्यासपीठावर बसलेले आपल्या चर्चचे फादर गेब्रियल, दर सोमवारी रेडिओवरून ज्यांचा आवाज घराघरात घुमतो ते प्रमुख पाहुणे श्री. लेनी प्रुइट, सत्कारमूर्ती श्रीमती लोरेटा पावलाक, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या लोरेटामावशी, आणि बाहेर एवढा बर्फ असताना गाड्या उकरून काढून इथवर आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. खरं तर त्यांनी मला आधी बटाट्याची कोशिंबीर करायला सांगितलं होतं. माझी कोशिंबीर त्यांनी मागच्या वर्षी खाल्ली आहे, म्हणून बहुधा विचार बदलला असावा.

मंडळी, आपण सगळे थोडे दुखावलेले आहोत. दोन आठवड्यांपूर्वी बाद फेरीचा सामना आपण आपल्याच मैदानावर, आपल्याच बर्फात हरलो. शेवटच्या मिनिटाला आपला क्वार्टरबॅक टायरेल बूथ याने फेकलेला चेंडू सरळ समोरच्या संघाच्या हातात गेला. तेव्हापासून या गावात दुसरा विषय नाही. बेकरीत टायरेल, न्हाव्याकडे टायरेल, आणि फादर माफ करतील, पण परवा चर्चमध्ये प्रवचन चालू असताना मागच्या बाकावरूनही टायरेलच ऐकू येत होता. लेनीसाहेबांच्या कार्यक्रमात तर म्हणे फोन लागता लागत नव्हता.

मला एक गोष्ट कधीच कळली नाही. तुम्हाला कळली असेल तर सांगा. आपण जेव्हा बर्फात जिंकतो, तेव्हा बर्फ आपला असतो. सरोवरावरून येणारा वारा आपला असतो. तो जणू आपणच घरी तयार करून मैदानावर नेऊन सोडतो. उन्हाळी गावांतून आलेले संघ कुडकुडताना पाहून आपल्याला किती आनंद होतो! टीव्हीवरचे कोट घातलेले लोक म्हणतात की बाद फेरीचे सामने असल्या हवेत खेळवू नयेत, छपराखाली न्यावेत. त्यांना आपण हसतो. मीही हसते. छप्पर नकोच. पण हरलो की काय होतं? बर्फ गायब. वारा गायब. उरतो फक्त एक माणूस आणि त्याचा उजवा हात. मैदानात बाकीचे धावतात, अडवतात, पडतात. चेंडू फेकायचा तो क्वार्टरबॅकने, एकट्याने. मग शिव्याही एकट्यानेच खायच्या. बर्फ आपल्याला हवा असेल, तर त्याच्या वाटचा दोष त्यालाही द्यायला नको का?

हे शहाणपण माझं नाही. ते मी पार्किंगमध्ये शिकले, एका टायरपाशी.

व्यासपीठाच्या मागे तो जुना टायर लटकतो आहे, तो सजावटीचा भाग आहे असं नवीन मंडळींना वाटलं असेल. आपल्या विभागात बसणाऱ्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. प्रत्येक सामन्याआधी मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये आपल्या गाड्या लागतात, शेगड्या पेटतात, सॉसेज चरचरायला लागतात, आणि पहिलं सॉसेज भाजून व्हायच्या आत कुणीतरी क्वार्टरबॅकला नावं ठेवतोच. लगेच लोरेटामावशी त्यांच्या घडीच्या खुर्चीतून मान न वळवता म्हणतात, "हातमोजे काढ." गाडीमागच्या दिव्याच्या खांबाला टायर लटकलेला असतो. खाली बादलीत वितळलेला बर्फ आणि त्यात बुडवलेला चेंडू. उघड्या हाताने, वाऱ्यात, एकच फेक. चेंडू टायरमधून गेला तर हवं ते बोला, मावशी शांतपणे ऐकून घेतील. नाही गेला तर सॉसेज खा आणि गप्प बसा.

लेनीसाहेब, तुमची फेक आम्ही विसरलेलो नाही. साहेबांनी आदल्याच सोमवारी रेडिओवर सांगितलं होतं की असला सोपा पास आपली आजीसुद्धा देईल. मावशींनी त्यांना रीतसर बोलावून घेतलं. साहेबांचा चेंडू टायरच्या जवळपासही गेला नाही. तो अध्यक्ष महाराजांच्या राजम्याच्या पातेल्यात पडला. नॉर्बर्टभाऊंनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "लेनी, आजीला घेऊन ये." पुढच्या सोमवारी साहेब पूर्ण वेळ फक्त बचावफळीबद्दल बोलले.

ज्यांचा चेंडू आत गेला, त्यांनी मात्र आपला हक्क पुरेपूर वसूल केला आहे. आपले बुच कमिन्स एकदा टायरमधून चेंडू टाकून जे बोलायला लागले, ते सामना सुरू झाला, पूर्वार्ध संपला, तरी बोलतच होते. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. नियम म्हणजे नियम.

पण हा नियम आला कुठून? सांगू का, असं मी काल मावशींना विचारलं. त्या कपाटातले चिनी मातीचे कप वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "सांग, मार्सी. पण चेस्टरला वाईट माणूस करू नकोस. तो वाईट नव्हता. तो प्रेक्षक होता."

चेस्टरकाका म्हणजे मावशींचे यजमान. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली, पण त्यांचा आवाज अजून इथल्या प्रत्येकाच्या कानात असेल. त्यांचा मुलगा डॅरेन माझ्याच वर्गात होता. आमच्या शाळेचा क्वार्टरबॅक. शेवटच्या वर्षी आम्ही बाद फेरीत पोचलो. मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्या दिवशी क्लॅरिनेट ओठाला चिकटत होतं, म्हणून आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या. सरोवरावरून असा वारा येत होता की गोलखांब हलताना दिसत होते. शेवटच्या मिनिटाला डॅरेनने चेंडू फेकला. तो हवेत जणू थांबला, वळला, आणि समोरच्या मुलाच्या हातात जाऊन पडला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दोन आठवड्यांपूर्वी टायरेलचा चेंडू वळला तेव्हा मावशींनी माझा दंड का धरला, हे माझ्या शेजारी बसलेल्यांना तेव्हा कळलं नसेल.

त्या संध्याकाळी जेवताना चेस्टरकाकांनी टेबलावर मिठाची आणि मिऱ्याची डबी मांडली. हा इथे मोकळा होता, तो तिथे मोकळा होता, तू पाहिलंच नाहीस, असं समजावून सांगितलं. प्रेमाने, अगदी मन लावून. डॅरेनने ताटाकडे बघत एवढंच म्हटलं, "बाबा, वारा फार होता."

आणि चेस्टरकाका म्हणाले, "वारा दोन्ही संघांना होता."

मंडळी, हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. त्यात चूक काहीच नाही. पण ते कुणाला म्हणतो आणि कधी म्हणतो, याचाही काही विचार आहे की नाही? गावात ज्याने त्याने त्या मुलाला काही ना काही ऐकवलंच होतं. घरी तरी दुसरं काही ऐकायला मिळेल, असं त्याला वाटलं असणार. शाळा संपली आणि डॅरेन ॲरिझोनाला गेला. तिथे बर्फ नाही. तो दर उन्हाळ्यात यायचा, छान राहायचा, बापाबरोबर मासे पकडायला जायचा. हिवाळ्यात कधी आला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, कामं असतात.

डॅरेन गेल्यानंतरच्या हिवाळ्यात काका हेरॉन्सच्या तेव्हाच्या क्वार्टरबॅकवर तोंडसुख घेत होते. रविवारची सकाळ, चर्चमधून नुकतेच आलेले, आणि तेच वाक्य: वारा दोन्ही संघांना होता. मावशींनी हातातला झारा खाली ठेवला. अंगणात ट्रकचा एक जुना टायर पडला होता, तो त्यांनी स्वतः मेपलला टांगला. डॅरेनचा चेंडू बर्फात बुडवून नवऱ्याच्या हातात दिला. म्हणाल्या, "हातमोजे काढ आणि टाक. मी सूप गरम करते."

सूप गरम झालं, गार झालं, पुन्हा गरम झालं. मावशी खिडकीतून बघत होत्या. एकही चेंडू आत गेला नाही. काका आत आले तेव्हा त्यांची बोटं बिटासारखी लाल झाली होती. ती त्यांनी सुपाच्या वाडग्याभोवती धरली. मग म्हणाले, "डॅरेनला फोन लाव."

मावशींनी लावला. आणि काका मुलाशी काय बोलले? ट्रकला कुठले टायर घालावेत यावर बोलले. तिकडे ऊन किती आहे ते विचारलं. आई ठीक आहे म्हणाले. फोन ठेवला. जे बोलायचं होतं ते राहून गेलं. नंतरही राहूनच गेलं. पुढच्या सामन्याला त्यांनी तो टायर गाडीत टाकून पार्किंगमध्ये आणला, आणि जी गोष्ट एका माणसाला सांगता आली नाही, ती त्यांनी आयुष्यभर सगळ्या गावाला सांगितली.

असो. निरोपाचा दिवस आहे, मी फार लांबवत नाही.

मावशींनी आमच्या अख्ख्या पिढीला शाळेच्या बसमधून नेलं-आणलं. कितीही बर्फ पडला तरी त्यांची बस कधी रस्ता सोडून खड्ड्यात गेली नाही. आता कंबर ऐकत नाही, जिने चढवत नाहीत. डॅरेन कधीपासून म्हणतोय, आई, माझ्याकडे ये. मावशी तयार होत नव्हत्या. शेवटी तयार झाल्या त्या एका अटीवर. "येते. पण मला न्यायला जानेवारीत यायचं." त्याने मार्च सुचवला. मावशींनी फोन ठेवून दिला. आम्हा सगळ्यांना तेव्हा वाटलं होतं, आता हा येत नाही आणि या जात नाहीत. मंडळाने आजच्या कार्यक्रमासाठी हॉल राखून ठेवला, तोही जरा भीतभीतच.

तर परवा डॅरेन आला. तो बघा, तिसऱ्या रांगेत, नॉर्बर्टभाऊंचा कोट घालून. स्वतःचा म्हणून त्याने जो आणला होता, त्याला आपल्याकडे शर्ट म्हणतात.

आज दुपारी हॉल सजवायचं काम चाललं होतं. नॉर्बर्टभाऊंनी टायर हॉलमध्ये आणण्याआधी सवयीने बाहेरच्या खांबाला लटकवला. डॅरेन त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, हा तर बाबांच्या ट्रकचा. मग मावशींनी त्याला त्या रविवारची गोष्ट सांगितली. मेपलची, बिटासारख्या बोटांची, टायरांबद्दलच्या त्या फोनची. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो फोन मात्र त्याला आठवत होता. म्हणाला, "मला वाटलं, बाबांना टायरच घ्यायचे आहेत."

मग त्याने हातमोजे काढले. कुणी सांगितलं नव्हतं. नॉर्बर्टभाऊंनी घाईघाईने बादली भरली, चेंडू बुडवला. वारा होताच. डॅरेनने चेंडू हातात फिरवून पाहिला, दोन पावलं मागे गेला आणि फेकला. चेंडू डगमगत गेला, टायरच्या वरच्या काठावर आपटला, आणि जरा विचार करून पलीकडे पडला. हे धरायचं की नाही, यावर तिथेच वाद झाला. लेनीसाहेब सगळ्यांत मोठ्याने ओरडले, धरायचं. साहेब, आजवर तुमच्या सगळ्या मतांपैकी मला पटलेलं हे पहिलं.

नॉर्बर्टभाऊंनी नियमाप्रमाणे विचारलं, "बोल बाबा आता. टायरेलबद्दल काय म्हणायचंय?"

डॅरेन ओले हात पँटला पुसत राहिला. टायरकडे बघत म्हणाला, "वारा फार होता."

मावशी त्यांच्या घडीच्या खुर्चीतून म्हणाल्या, "हो रे बाळा. फार होता."

एवढंच. मग त्या म्हणाल्या की थंडी वाजते आहे, आणि सगळे आत आले.

मावशी, चेंडू तुमच्या सामानात ठेवला आहे. ॲरिझोनात बर्फाचं पाणी कुठून आणाल माहीत नाही, पण तिथेही क्वार्टरबॅक असतीलच. टायर इथेच राहील. तो कुणाकडे द्यायचा, हे मावशींनी ठरवलं आहे आणि मंडळाने एकमताने मान्य केलं आहे: लेनीसाहेब, तो तुमच्या रेडिओ केंद्राच्या पार्किंगमध्ये लागणार आहे. फोन करणाऱ्यांनी आधी तिथे यायचं.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, हॉल दिल्याबद्दल फादरांचे, स्वयंपाकघरात सकाळपासून सारण भरलेल्या पिरोगी तळत उभ्या असलेल्या बायकांचे, आणि एवढा वेळ खुर्च्यांवर बसून ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी जेवणं झाल्यावर बाहेर यावं. टायर पुन्हा खांबाला लावू, बादली भरलेलीच आहे.

वारा अजून पडलेला नाही.