शेवटपर्यंत बघणारा विद्यार्थी

तुम्ही म्हणता, पोरगी प्राध्यापक, म्हातारा सुखात असंल. ऐका मग. सायखेडा सोडून मी नाशिक रोडला सुनंदाकडं राहायला आलो. ती कॉलेजातून आली की लॅपटॉपसमोर बसते. दार लावून धड्यांचे व्हिडिओ करते, आणि पोरं ते किती बघतात यावरच तिचं संशोधन. पोरं दोन मिनिटांत पळतात. आकडे बघून ही कपाळाला हात लावते.

परवा मात्र हसत आली. "नाना, एक जण सापडला! दुपारी लावतो, शेवटपर्यंत बघतो. एकही धडा सोडला नाही त्यानं. आता त्याची मुलाखत घेते. माझा पेपर त्याच्यावरच उभा राहील."

मी म्हणलं, "घे. समोरच बसलाय."

पोरांना व्हिडिओ कसा दिसतो ते तपासायला तिनंच माझ्या फोनात विद्यार्थ्याचं खातं उघडलं होतं. काम झालं अन् बाई विसरली.

ती म्हणाली, "नाना, चौथीत शाळा सोडली तुम्ही. त्यातलं काय कळतं तुम्हाला?"

"काय बी नाय."

"मग बघता कशाला?"

"घरात तू चार शब्द बोलत नाय. त्या व्हिडिओत अर्धा तास सरळ माझ्याकडं बघून बोलती."

मग म्हणाली, "आता हे मी पेपरात कसं लिहू, नाना?"

म्हणलं, "ते तू बघ. शिकलेली तू हायेस."