चाड्यावरची पहिली मूठ

मंडळी, आज पाल्हाळ लावत नाही. एकच प्रश्न टाकतो, उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं! बी जमिनीत पडलं, की ते उगवण्याआधी वर बघतं का हो? ज्या हातातून पडलो त्या हातात बांगड्या होत्या की नव्हत्या — अशी चौकशी करून मग कोंब काढतं का?

हसलात! म्हणजे उत्तर ठाऊक आहे. ठाऊक असून वागत नाही, हेच तर दुखणं! अप्पासाहेब, पान मागाहून लावा. आजचं आख्यान खास यजमानांसाठी आहे.

तर ऐका. पोथीतली गोष्ट नाही ही. गोदाकाठचं मांजरखेड. राज्य साहेबाचं, रुपयावर विलायतेच्या राणीचं तोंड. गावात हौसाबाई नावाची कुणब्याची सून. नाव हौसा, पण हौस कसली? ऐन तारुण्यात नवरा पटकीनं गेला. कपाळ गावानं पुसलं, आणि जमिनीतला वाटा दिरांनी पुसला! दीर म्हणाले, ‘‘वहिनी, दोन वेळची भाकरी घालू की! तुला जमीन कशाला पाहिजे?’’ भाकरी घालू! अहो, भाकरी दारच्या कुत्र्यालाही घालतात!

हौसा रडली का? रडली. का रडू नये? पण रडून झालं, आणि उठली. लोकांच्या रानात खुरपलं, म्हशी पाळल्या, दूध पेठेत घातलं. मनात एकच — आपलं स्वतःचं रान पाहिजे!

गावाला लागून चिंचेचा डाग म्हणून काळ्या मातीचा एक तुकडा होता. मालक बिनवारस गेला, रान सरकारजमा झालं, पडीक राहिलं. मामलेदारानं लिलाव पुकारला. मांजरखेडचे बाजी पाटील — मिशांना तूप लावणारे! — त्यांना वाटलं, आपल्यापुढं बोली लावायची कुणाची छाती आहे? स्वतः गेलेच नाहीत. गड्याला सांगितलं, ‘‘पहिली बोली लाव आणि ये.’’ गड्यानं पहिली बोली लावली. तोच मागून बाईमाणसाचा आवाज — ‘‘त्याच्यावर माझी!’’ हौसानं पदर सारखा केला आणि उभी राहिली! गडी इकडं बघतो, तिकडं बघतो. पुढची बोली बोलायचा हुकूमच नव्हता त्याला! हातोडा पडला, रान हौसाचं!

कारकून म्हणाला, ‘‘नाव कुणाचं लावू? घरात पुरुषमाणूस?’’

‘‘पुरुषमाणूस देवाघरी गेला. तो येतोय व्हय पेरायला? माझंच लावा.’’

म्हशी विकल्या, पाटल्या मोडल्या, रान घेतलं. उरल्या पैशात बैलजोडी, गाडी आणि एक जुनी पाभर घेतली. पण लिलावाला एक अट होती, मंडळी. याच हंगामात पेर झाली पाहिजे. नाही झाली, तर लिलाव रद्द, रान माघारी! पाटलांनी अट ऐकली आणि गालात हसले. ‘‘पेरू द्या की. कशी पेरते बघू!’’

का हसले? पेठेतल्या मंडळींसाठी सांगतो. पेरायला पाभर लागते. पाभरीवर लाकडी पेल्यासारखं चाडं असतं. एकानं बैल हाकायचे, दुसऱ्यानं मागून चालत चाड्यात मुठीमुठीनं बी सोडायचं. एकट्याचं काम नाही! आणि चाड्यावरची पहिली मूठ कुणाची? सवाष्णीची. ही गावाची रीत! पाटलांनी चावडीवर बसून सांगितलं, ‘‘पांढऱ्या कपाळाची मूठ शिवारात पडली, तर साऱ्या गावाची कणसं पोचट निघतील. तिच्या रानात जो पाय ठेवील, त्याच्या घरचं पाणी बंद!’’ झालं! गावात कुणी बी देईना. लोहार पाभरीच्या लोखंडी फासा करून देईना. सगळ्यांची तोंडं एकदम शिवली!

हौसानं गाडी जुंपली आणि भल्या सकाळी पेठ गाठली. हरकचंद शेठचं बी-अवजाराचं दुकान. शेठ नुकते उदबत्ती ओवाळत होते. बाईचं कपाळ बघितलं आणि उदबत्ती हातातच राहिली.

‘‘बाई, दुपारून ये. अजून भवानी व्हायचीय.’’

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती विधवेच्या हातून? शिव शिव!

‘‘बरं,’’ हौसा म्हणाली, ‘‘दुपारपतुर बसते. घर लांब हाय माझं.’’ आणि बसली की हो दुकानाच्या पायरीवर!

आता गंमत बघा! एक गिऱ्हाईक आलं. पायरीवर पांढरं कपाळ दिसलं — माघारी! दुसरं आलं — ‘‘अरे राम!’’ — तेही माघारी! ऊन वर चढलं, पण भवानी काही होईना. शेठ कासावीस! ‘‘बाई, ऊठ ना! धंदा बसवलास माझा!’’

‘‘म्या कुणाला अडवलंय? तुमच्या शकुनानं अडवलंय. त्यालाच उठवा!’’

आणि मग तिनं कनवटीचा एक राणीछाप रुपया काढून उंबऱ्यावर ठेवला.

‘‘शेठ, सकाळचा पहिला रुपया आला की काय करता?’’

‘‘कपाळाला लावतो. लक्ष्मी आहे ती.’’

‘‘त्याच्यावर तोंड कुणाचं?’’

‘‘राणीसरकारचं.’’

‘‘तिचा मालक हाय का हयात?’’

अहो, साऱ्या मुलखाला ठाऊक होतं, राणीचा नवरा कधीच वारलेला!

‘‘विलायतची विधवा कपाळाला लावता, आन मांजरखेडची पायरीवरून उठवता? तिला अर्धी दुनिया चालवता येती, आन मला एक रान चालवता येत न्हाई?’’

टाळ्या वाजवू नका, शेठनं पण वाजवल्या नाहीत! पण उठले. शाळूचं निवडक बी, फासा, दोर — सगळं काढलं आणि स्वतःच्या हातानं गाडीत ठेवलं. धर्म सुचला म्हणून नव्हे हो! पायरी मोकळी व्हावी म्हणून! होऊ द्या. शहाणपण पुढच्या दारानं येईना, तर मागच्या दारानं येऊ द्यावं.

हस्ताचा पाऊस झाला, रानाला वाफसा आला. पेरणीला हवी तेवढीच ओल. आज आहे, परवा नाही! हौसानं पाभर जुंपली. सारं गाव बांधावर गोळा झालं. मदतीला? छे! तमाशा बघायला!

कासरा धरायला हौसा आहे. चाड्यावर कोण? तिनं बांधाकडं बघून हाक मारली, ‘‘कुणी येतं का गं बायांनो?’’ बायांनी माना खाली घातल्या. त्यातल्या कितीतरी जणींच्या बाळंतपणात हीच हौसा रात्र-रात्र जागली होती! दोघी हलल्यासुद्धा. पण पाटलांनी नुसतं खाकरलं, आणि पाय होते तिथंच रुतले.

मग एकटीनंच सुरू केलं. कासरा कमरेला बांधला, एका हातानं पाभर दाबली, दुसऱ्यानं मूठ उचलली. बैल भरकटले, ओळ वाकडी गेली, बी मातीवरच सांडलं. बांधावर हशा पिकला! मंडळी, माणूस अडखळला की पहिला आवाज कसला येतो? हसण्याचा!

हौसा वळली. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत — ‘‘हसा! वाकडं पेरलं तरी सरळच उगवतं!’’

पण बैल काही सरळ चालेनात. वाफसा तर चालला निघून. अशानं दिवस मावळेपर्यंत चार ओळी झाल्या नसत्या. रान हातचं जाणार, हे तिलाही दिसत होतं.

तेवढ्यात गर्दी फाकली. काठी टेकत म्हाळसाबाई आल्या. कोण म्हाळसाबाई? पाटलांची आई! पाटील खूश. वाटलं, म्हातारी आता चार शिव्या हासडणार! म्हातारीनं काठी पाटलांच्या हातात दिली. ‘‘धर.’’ आणि उतरली रानात!

‘‘पोरी, कासरा तू धर. मूठ मी धरते.’’

पाटील ओरडले, ‘‘आई! अगं तुझं तर कपाळ —’’

‘‘काय झालं माझ्या कपाळाला? बोल की, थांबलास का? तू पाळण्यात व्हतास तवा तुझा बाप गेला. तुला पेज भरवली ती ह्याच हातानं! त्या पेजंनं पोचट निघालास का रं?’’

म्हातारीनं लेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

‘‘निघालास थोडा.’’

अहो, पाटलांच्या मिशांचं तूप वितळलं! आईची काठी हातात घेऊन उभे, ना टेकता येते ना टाकता येते. आणि म्हाळसाबाईंनी चाड्यावर पहिली मूठ सोडली. बैल सरळ चालले. दुसऱ्या तासाला मघाच्या दोघी रानात उतरल्या. तिसऱ्या तासाला कोण उतरलं नाही, ते विचारा! चिंचेचा डाग दिवस मावळायच्या आत पेरून झाला.

आता तुम्ही म्हणाल, ‘‘बुवा, मग पीक सोळा आणे आलं असेल! मोत्यांची कणसं लागली असतील!’’ नाही! चमत्कार हवाय तुम्हाला? ऐका. हौसाच्या रानात पीक आलं ते साऱ्या गावाला आलं तसंच. ना पसाभर जास्त, ना पसाभर कमी. पाटलांच्या रानात सवाष्णीची मूठ, तिच्या रानात विधवेची, आणि कणीस सारखं! मातीनं भेद केला नाही. याहून मोठा चमत्कार कुठल्या पोथीत आहे, दाखवा मला!

गोष्ट संपली. मी नाही संपलो.

मघाशी इथं हळदीकुंकू फिरलं. मी डोळे मिटून बसलो होतो असं वाटलं का? ताट त्या मागच्या खांबापर्यंत गेलं आणि वळलं. खांबाआड कोण बसलंय, अप्पासाहेब? तुमच्या थोरल्या वहिनी. मी पाय धुवायला मागच्या दारी गेलो, तेव्हा चुलीपुढं घामानं भिजून शिरा ढवळत होत्या. तो शिरा आत्ता देवापुढं ठेवलाय. त्यांच्या हातचा नैवेद्य देवाला चालतो, तुम्हाला सगळ्यांना चालतो, आणि आरती चालत नाही?

आजची आरती वहिनी करतील. नाही म्हणत असाल, तर बिदागी आणि नारळ ठेवा तुमच्यापाशी, मी असाच वहाणा घालून निघतो. शिव्या द्या, पुढच्या वर्षी बोलावू नका. पण आरतीचं ताट हातात घेऊन तुम्ही असं बघत राहू नका, अप्पासाहेब. पाटील तसेच उभे होते, काठी धरून!

पेटीवाले, सूर धरून ठेवा. वहिनी, उठा. पदर सारखा करा आणि या पुढं. मंडळी, पाय आवरा, वाट द्या त्यांना. निरांजन पेटलेलं आहे, आम्ही थांबलोय.